बेकरीवाल्याच्या मुलीचं कपाळ

एक्कावन्न वर्षांत थोरलीच्या हातचा फोटो कोणी परत आणून दिला नव्हता. लोकांनी उशिरा नेले होते, न नेताच गाव सोडलं होतं, एकानं तर लग्न मोडल्याच्या रागात इथंच दारात उभं राहून फाडला होता. पण हा नको, हा चुकलाय, असं म्हणून परत? आणि आणला कोणी, तर सख्ख्या नातीनं. शाळेतून आली, दप्तर काढलं नाही, की बूट काढले नाहीत. ती लांबलचक गुंडाळी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, ‘बाईंनी दिलाय परत.’ थोरलीनं गुंडाळी उलगडली. दोन्ही टोकांवर कात्री आणि चष्म्याचं घर ठेवलं. बेकरीवाल्याची मुलगी समोर बघत होती. डोळ्यांत खिडकी उतरलेली, केसाची बट वेगळी दिसतेय, गालाचा उतार लोण्यासारखा आणि कपाळ असं स्वच्छ की बघत राहावं. चुकलंय काय ह्यात? तिनं फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं चार अक्षरं होती. थोरली तिसरी नापास. तिला अक्षरं एकेक करून वाचावी लागत, बोट ठेवून. पण नातीला ‘वाच’ म्हणायची तिची तयारी नव्हती, ह्या क्षणी तर नाहीच. तिनं बोट ठेवलं. ही. मी. नाही. मग पुन्हा वाचलं, कारण एवढ्यात संपलं असेल असं तिला वाटलं नाही. संपलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही मी नाही म्हणे! चौदा वर्षांची पोर, ती सांगणार थोरलीला चेहरा कोणाचा ते. ह्या स्टुडिओत फोटो नवऱ्यानं काढले असतील, पाटी सासऱ्याच्या नावाची असेल. पण चेहरे तिनं केले होते. सगळ्या जावांत मोठी म्हणून थोरली, आणि पुढे सगळ्या गल्लीचीच थोरली. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिच्या हातात सुई दिली, दोरा दिला, आणि ती न बघता ओवताना पाहून सुई काढून घेऊन पेन्सिल दिली. सुईइतकं लांब टोक काढलेली, कडक शिशाची. खिडकीपाशी उतरत्या फळीचं डेस्क, फळीला चौकोनी भोक, भोकावर निगेटिव्ह, खाली उजेड वर फेकणारा आरसा. त्या उजेडात माणसं उलटी दिसत. गोरी काळी, काळी गोरी, दात शाईसारखे. थोरलीला मात्र ती तशीच सरळ दिसायला लागली, नवऱ्याहूनही आधी. चेहऱ्यावर काळा डाग असेल तर तो निगेटिव्हवर पांढरा, तिथं पेन्सिलीनं टिंब टिंब भरायचं. चकाकणारा पांढरा वण असेल तर तो निगेटिव्हवर काळा, तिथं बारीक पात्यानं फिल्मचा थर खरवडायचा, श्वास रोखून, केसाच्या जाडीइतका. आणि त्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, काय ठेवू, काय काढू? हे मात्र तिचं स्वतःचं. सासऱ्यानं शिकवलेलं नव्हतं. एका कारकुनाचा तिरळा डोळा तिनं न विचारता सरळ करून दिला होता, नवी नवी होती तेव्हा. तो फोटो त्यानं परवान्याला लावला, आणि साहेबानं त्याला सांगितलं, ह्या फोटोतल्या माणसाला घेऊन या. गल्ली आठ दिवस हसली होती. तेव्हापासून ती विचारायची. हनुवटीवरचा तीळ नवऱ्या मुली ठेवायला सांगत, ओठावरचा काढायला. देवीचे वण बहुतेक काढत, एकानं ठेवले. म्हणाला, आईनं पुसून पुसून वाचवलाय मला, राहू दे. राहू दिले.

आणि आता ही बाई. शाळेतली चित्रकलेची बाई, गळ्यात जाडजूड मणी, बोलणं असं की प्रत्येक वाक्याच्या खाली उशी ठेवल्यासारखं. तिच्या डोक्यातून निघालं हे सगळं. तिच्या वर्गात निम्मी मुलं मशिदीकडची, निम्मी चर्चकडची, मध्ये एक चौक. आणि तीन वर्षांपूर्वी त्या चौकात दोन दिवस जे झालं त्यानंतर वर्गातले बाकसुद्धा आपोआप दोन बाजूंना सरकले होते. बाईनं कुठून तरी सहा जुने कॅमेरे मिळवले, वरून वाकून काचेत बघायचे, रुंद फिल्मचे, एका रोलला बारा फोटो. एक मूल मुसलमान, एक ख्रिश्चन, अशी जोडी. एकमेकांचे फोटो काढायचे, एकमेकांच्या घरातल्या माणसांचे काढायचे. फोनवर नाही, फोनवर बघण्याआधीच पुसून टाकता, असं बाई म्हणाली. अशा फिल्मा धुणारं आता ह्या भागात राहिलं होतंच कोण थोरलीशिवाय? बाई स्वतः आली होती विचारायला. थोरली वरवर म्हणाली, ‘बघू,’ आणि बाई वळताच डार्करूममधल्या फोटो धुवायच्या तबकड्या घासायला काढल्या. नातीच्या जोडीला बेकरीवाल्याची मुलगी आली. नात पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, ती माझ्याशी बोलतच नाही. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, ती फार हळू हसते. महिन्यानं थोरलीला दोन वेण्या एकत्र रस्ता ओलांडताना दिसल्या, कॅमेऱ्याचा पट्टा एकीच्या गळ्यात आणि कॅमेरा दुसरीच्या हातात. त्या पोरीनं ह्या गल्लीत पाऊल टाकलं ते तीन वर्षांनी, आणि ते नातीच्या भरवशावर. तिच्या डाव्या भुवईच्या वर अंगठ्याच्या नखाएवढा वण होता, चकाकणारा, पांढरा. चौकातल्या दगडाचा, असं म्हणत.

‘तिला काय आवडलं नाही ह्यात?’ थोरलीनं विचारलं.

‘आजी, तू तो काढून टाकलास.’

‘मग? कोणाही मुलीचा काढला असता. राजकन्या दिसतेय.’

‘तिला तोच दाखवायचा होता. म्हणून तर ती बसली. तिनं स्वतः केस मागे घेतले होते. मी काढलेला एवढाच एक चांगला फोटो होता, आजी. तू म्हणालीस बाईंसमोरच उघड, आम्ही सगळ्या वर्गासमोर उघडला. ती म्हणाली...’ नात थांबली.

‘बोल. तोंड शिवलंय का?’

‘ती म्हणाली, तुम्ही मारता पण तुम्हीच आणि पुसता पण तुम्हीच. मी तिला सांगितलं, आमच्यातलं कोणी नव्हतं. बाहेरची माणसं होती. बाबांनी सांगितलंय मला, बाहेरचे होते. ती म्हणाली, मग आजीनं का पुसलं? शनिवारी शाळेत सगळ्यांचे फोटो लागणार, ती तिची चौकट रिकामीच लावणार आहे. खाली दोघींची नावं असतील आजी. तिचं नि माझं.’

‘लावू दे,’ थोरली म्हणाली. ‘रिकामी चौकट लावणारीचा हात कोण धरणार?’ नात आत गेली. आतून पाण्याचा नळ बराच वेळ चालू राहिला, आणि थोरली डेस्कपाशी जाऊन बसली. राग यावा तर पुरता यावा, असं तिचं होतं. हा राग मात्र येत होता आणि कुठंतरी अडकत होता, दातात धागा अडकावा तसा. उपकाराची ही फेड! चार दुपारी घातल्या होत्या तिनं त्या कपाळावर. डोळ्याला भिंग लावून, कोपर फळीला टेकवून, हात थरथरू नये म्हणून सकाळपासून चहा न पिता. सत्तरीच्या बाईनं. सवयीनं केलं, ती स्वतःला म्हणाली. चांगल्या मनानं केलं. पोरीला आयुष्यभर आरशात दिसणारच आहे, एका कागदावर तरी नसू दे. तिनं हे पुन्हा म्हणून पाहिलं, आणि तिथंच तो धागा होता. सवयीनं? तिची सवय तर विचारायची होती. मुलगी रोज नातीबरोबर दुकानात येत होती त्या आठवड्यात, ह्या इथं, हातभर अंतरावर, स्टुलावर पाय हलवत बसलेली. थोरलीनं तिला विचारलं होतं, पाणी पितेस का. विचारलं होतं, वडिलांचं गुडघ्याचं दुखणं कसंय. काय ठेवू, काय काढू, हे विचारलं नव्हतं. त्या कारकुनानंतरच्या सगळ्या वर्षांत फक्त एवढं एकच गिऱ्हाईक तिनं न विचारता सोडलं होतं, आणि ज्या दुपारी पातं लावलं त्या दुपारी डेस्कच्या बाजूचा पडदा ओढला होता. उजेड कमी होतो म्हणून जो पडदा ती कधी ओढत नसे, तो. तेव्हा हातानं आपलं आपण केलं, असं म्हणावं, तर हात इतका शहाणा कधी झाला?

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी गच्चीवर धुतलेल्या चादरी होत्या. खाली आरडाओरडा वाढला तशी ती चादरी गोळा करायला वर गेली होती. एवढ्या गोंधळात चादरींची काळजी, म्हणून मागाहून सुनेनं चिडवलंही असतं, जर ती गोष्ट कोणाला सांगता आली असती. दोन चादरींच्या फटीतून तिला कठड्यापाशी धाकटा दिसला. तिचा शेवटचा मुलगा, नातीचा बाप. पस्तिशीचा घोडा, अंगात ऑफिसला घालायचा शर्ट, इस्त्रीचा. हातात अर्धी वीट. समोरच्या कोपऱ्यावर बेकरीचं शटर अर्धं खाली आलेलं, आणि त्या अर्ध्यातून एक पोरगी वाकून बाहेर राहिलेला पावाचा ट्रे आत ओढत होती. धाकट्यानं हात मागे नेला तो तिनं पाहिला. हाक मारायला तोंड उघडलं, हेही तिला आठवतं. हाक आली नाही हे आठवतं. शटरवर वीट बसल्याचा आवाज झाला नाही. दुसराच झाला, बारीक, आणि मग ट्रे पडल्याचा. धाकटा वळला तर चादरीमागे आई. ‘शटरवर मारली मी,’ तो म्हणाला, ‘शटरवर!’ चेहरा असा पांढरा की निगेटिव्हच. ती म्हणाली, ‘खाली चल. हात धू.’ बस. तीन वर्षांत मायलेकरांत ह्या विषयावर एवढीच दोन वाक्यं. संध्याकाळी चौकशीला माणसं आली, घरातले पुरुष कुठे होते विचारायला, तेव्हा कोणी तिला काही शिकवलं नव्हतं. तिनं आपलं आपण सांगितलं, हा सकाळपासून माझ्याबरोबर डार्करूममध्ये होता, हात बघा हवं तर, औषधाचा वास येतोय. येत होता. तिनंच हात धुवायला लावला होता फिक्सरच्या औषधात. आणि मग दोन्ही गल्ल्या म्हणायला लागल्या, बाहेरची माणसं होती, बाहेरची. बेकरीवालासुद्धा म्हणाला. त्याला दोन्हीकडे पाव विकायचे होते. कोणाच्याच घशाला टोचत नाही असं ते वाक्य होतं, फक्त त्या पोरीच्या भुवईवर आठ टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आली. मणी, उशा, सगळं घेऊन. ‘आजी, तुमचा हेतू चांगलाच होता, मला माहीत आहे. तिलाही मी समजावतेय. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं समजून घेतलं की...’

‘दोन्ही बाजू भिंतीला असतात हो,’ थोरली म्हणाली. ‘कपाळ एकाच बाजूला असतं. तुम्ही काय समजावताय तिला?’

बाई जराशी हसली, असं हसली की जणू थोरलीनं गंमत केली. ‘आपण तो वण परत नाही का आणू शकत? निगेटिव्हवरून?’

‘पेन्सिलीचं काम असतं तर पुसून दिलं असतं कापसानं, आत्ता, तुमच्यादेखत. हे पात्याचं आहे. थर खरवडून काढलाय. खरवडलेलं परत येत नसतं.’ हे म्हणताना तिचा आवाज चढला, आणि का चढला ते बाईला कळलं नाही. ‘आणि वरून ब्रशनं रंगवून द्या म्हणत असाल तर दुसऱ्या कोणाकडे जा. मी आजवर काढलेत, घातला एकही नाही.’

तेवढ्यात मागच्या खोलीतून धाकटा बाहेर आला. नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती, मागे कॉम्प्युटर घेऊन बसायचा, ओळखपत्रांचे फोटो वगैरे त्याच्याकडे. चांगला बाप होता. नातीला सायकल त्यानं शिकवली, पाढे त्यानं शिकवले, ती आजारी पडली की उशाशी तोच. बोलणं अर्धवट ऐकून आला असावा; बाईला नमस्कार करून अगदी हसतमुखानं म्हणाला, ‘एवढंच ना? प्रिंट स्कॅन करतो, वण टाकून देतो. दोन मिनिटांचं काम आहे, कुठं होता तेवढं फक्त दाखवा.’

थोरलीच्या हातातली कात्री खाली पडली. ‘पुन्हा तूच?’ ती म्हणाली.

बाईनं एकदा आईकडे, एकदा मुलाकडे पाहिलं. तिला वाटलं असेल घरातलं काही कामावरून असेल. धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागून माणूस निघून गेला. दारात नात उभी होती, शाळेचे बूट हातात घेऊन. तिनं ऐकलं की नाही हे थोरलीला कळेना. पोर बुटाची नाडी सोडवत होती, सुटलेलीच नाडी.

बाई गेल्यावर, नात शाळेला गेल्यावर, त्यानं तिला डार्करूमच्या दारात गाठलं. ‘आई, तू वेडी झालीस का?’

‘वेडी झाले असते तर तीन वर्षांपूर्वीच कोणाचं तरी भलं झालं असतं.’

‘शटरवर मारली होती मी. तुला माहितीय.’

‘मला वीट माहितीय. ती कुठे लागली ते माहितीय. तुझ्या मनात शटर होतं की काय होतं, ते तुझं तू बघ.’

‘पोरीला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही.’ त्याचा आवाज अगदी लहान झाला. ‘तुला चालेल ते? आणि तूच तर म्हणालीस त्या दिवशी सगळ्यांना, डार्करूममध्ये होता म्हणून. मी म्हणालो नव्हतो. मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.’

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पस्तीस अधिक तीन, अडतीस वर्षांचा. ह्यानं सातव्या वर्षी काच फोडली तेव्हाही तिनंच घातला होता गुन्हा पोटात. शेजारणीला म्हणाली होती, वाऱ्यानं फुटली. किती वारे, किती बाहेरची माणसं. तिनं तबकडीतलं शिळं औषध मोरीत ओतलं, आणि तो वास नाकात गेला तसं तिला वाटलं, ह्या अंधाऱ्या खोलीतून आजवर जे जे चेहरे बाहेर पडले ते सगळे तिनं असेच कोणाला तरी वाचवण्यासाठी धुतले की काय. मग स्वतःवरच चिडली. नाही. कोणी काही म्हणो, चांगलं काम होतं ते. विचारून केलेलं काम होतं. एकाच ठिकाणी विचारलं नाही, आणि त्या एका ठिकाणी तिनं पोराचे हात दुसऱ्यांदा धुतले. त्या मुलीच्या कपाळावर.

दुपारी बाई त्या मुलीला घेऊन आली. जोडीतलं तिचं काम राहिलं होतं. नातीच्या घरातल्या माणसाचा फोटो तिनं अजून काढला नव्हता, रोलवर तीन जागा शिल्लक होत्या. मुलगी उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. गळ्यात कॅमेरा, हात पाठीमागे. नात तिच्यापासून चार हात लांब, भिंतीला टेकून. बाई म्हणाली, ‘आजी म्हणतायत, हवं तर तू पुन्हा बस, नवा फोटो काढू.’ थोरली असं काही म्हणाली नव्हती.

‘मी दोनदा नाही बसणार,’ मुलगी म्हणाली. मग थोरलीकडे बघून, सरळ, ‘तुम्ही मला विचारलं का नाही? तिनं सांगितलं, तुम्ही सगळ्यांना विचारता.’

थोरलीच्या जिभेवर तीन उत्तरं आली, तिन्ही चांगली, तिन्ही तिखट. सवय. म्हातारपण. तुझ्याच भल्यासाठी. पोर तशीच उभी होती, आणि भुवईवरचा वण उन्हात चमकत होता. थोरलीनं भिंगातून तो इतका पाहिला होता की त्याच्या कडा तिला पाठ होत्या, वरची कड गुळगुळीत, खालची जिथं टाका उसवला होता तिथं वाकडी. उघड्या डोळ्यांनी, एवढ्या जवळून, ती पहिल्यांदाच बघत होती.

‘कारण तू “ठेवा” म्हणाली असतीस,’ ती म्हणाली.

मुलीला हे अपेक्षित नव्हतं. ती उंबऱ्याच्या आत आली, एकच पाऊल.

‘फोटो काढायचाय ना तुला आमच्या घरातल्या माणसाचा? थांब तिथंच.’ थोरलीनं मान वळवली आणि मागच्या खोलीकडे हाक मारली, जी हाक तिला एकदा मारायची होती त्यापेक्षा फार हळू. ‘बाहेर ये रे.’ तो आला. दारातल्या मुलीला बघून थबकला. ‘बस त्या स्टुलावर.’

‘आई...’

‘बस म्हणते ना. जरा इकडे तोंड कर. पडद्याकडे नको, तिच्याकडे.’ तो बसला. एवढा मोठा माणूस, आणि हात कुठे ठेवावेत कळेना. नातीला नेहमीसारखं वाटलं असावं, दुकानातलं काम. तिनं आपण होऊन स्टँडवरचा दिवा काढून हातात घेतला, बटण दाबलं, बापाच्या चेहऱ्यावर धरला. तिला धरता येत असे नीट, बापानंच शिकवलं होतं, नाकाची सावली ओठावर येऊ द्यायची नाही. मुलगी कॅमेऱ्याच्या काचेत वाकून बघायला लागली.

‘हा माझा मुलगा,’ थोरली तिला म्हणाली. ‘त्या दिवशी हा डार्करूममध्ये नव्हता. वर गच्चीवर होता. मीही होते. बाहेरून कोणी आलं नव्हतं.’

बाईच्या तोंडून काहीतरी अर्धं निघालं. मुलगी काचेवरून वर आली नाही. वाकलेलीच राहिली, फक्त तिचं बोट बटणावरून बाजूला झालं. धाकटा उठला नाही. थोरलीला वाटलं होतं तो उठेल, ओरडेल, तिला खोटं पाडेल. तिची त्याचीसुद्धा तयारी होती. तो बसून राहिला आणि मुलीकडे बघू शकला नाही, म्हणून स्वतःच्या मुलीकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गळ्यावर उतरला, गळ्यावरून शर्टाच्या बटणांवर, तिथून गुडघ्यांवर.

‘खाली का नेतेस?’ थोरली नातीवर खेकसली, आणि तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. ‘वर धर. चेहऱ्यावर धर. तिला दिसलं पाहिजे.’